रांग कशाची

शुक्रवार, १८ ऑगस्ट १९७८. आसेगाव.

आज मंगरूळपीरला दर्ग्याबाहेर रांग दिसली आणि मी सरळ तिच्यात जाऊन उभा राहिलो. कशाची, ते विचारलंसुद्धा नाही. घानात शिकवायला गेल्यापासून हीच सवय लागली आहे. तिथे आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं, साबण की साखर? पगार झाला की आम्ही मास्तर लोक शाळेतून थेट बाजारात पळतो. भाव असे चढतात की त्याच नोटांत पुढच्या महिन्यात निम्मं सामानही येत नाही.

इथली रांग खिचड्याची होती. गोरगरिबांना वाटतात तो. पातेल्यापाशी पोचलो तेव्हा कळलं. आणि नेमका आमचा शेजारी मागून, "मास्तर, तुमी काहून उभे इथं?" हसलो.

माझ्या आधी बातमी घरी. भाऊ चिडला. त्याला अजून वाटतं, मी तिकडे पैशात लोळतो. माय जेवताना तेवढं म्हणाली, "बापू, तिकडं तुले पोटभर भेटते ना?"

"भेटते."

मग त्या रांगेत कशाला उभा होतास, हे तिनं विचारलं नाही.

परवा परत घानाला निघायचं. न जाऊन करू काय? इथल्या शाळेतली माझी जागा केव्हाच भरली.

आता माय माझ्या बॅगेतले कपडे काढून तुरीची डाळ भरते आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिला सांगितलं होतं, आता तू राबू नको, मी पैसे पाठवीन. नको म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "माय, अजून थोडी टाक."