गच्चीवरची पेटी वगळून

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, भाषांतरे करून पोट भरणारी, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाविना लिहीत आहे. दबाव नाही, हे तपासून पाहिले. परवा पेटीवरून वाद झाला तेव्हा नवरा म्हणाला होता, "आधी मृत्युपत्र कर, आणि मग जा वर मरायला!" तो रागाने बोलला, मी ती सूचना म्हणून घेतली. माझे डोके ठिकाणावर आहे, याबद्दल घरात एकमत नाही. पण ते कधीच नव्हते.

कारण असे. थंडी पडण्याआधी गच्चीवरची मधपेटी शेवटची उघडली, तेव्हा मानेवर माशीचा डंख बसला. डंख मी आयुष्यभर खात आले आहे. या वेळी मात्र घसा आवळला, ओठ सुजले, दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यापुढची माशी शेवटची ठरू शकते." तेव्हापासून मला गच्चीबंदी आहे. मी शब्द दिला आणि पाळला. फक्त जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जाते. ती पायरी गच्चीत मोडते की जिन्यात, हे मला प्रामाणिकपणे ठरवता आलेले नाही.

कलम १. राहत्या घरातला माझा हिस्सा नवऱ्याला. बँकेत जे काही उरले असेल ते मुलीला.

कलम २. गच्चीवरची बाग, म्हणजे अर्ध्या पिंपातले लिंबाचे झाड, खोक्यांमधली मोहरी, पुदिना आणि कुंड्या, नवऱ्याला. हिवाळाभर त्यानेच पाणी घातले. पुदिन्याला घातले तेवढेच मनापासून रानगवतालाही घातले. गवत फार सुरेख आले आहे, असे जिन्यातून दिसते.

कलम ३. वडिलांचा धुराचा डबा. यात गोणपाट जाळून पेटीवर धूर सोडला की माश्या शांत होतात. तो धाकट्या भावाने "दोन दिवसांसाठी" नेला आणि आता त्यात पेन्सिली ठेवतो. माश्यांची भीती वाटणाऱ्या माणसाला धुराचा डबा कशाला हवा, हे मी त्याला विचारले होते. "बाबांची आठवण म्हणून," तो म्हणाला. "मग बाबांच्या माश्याही घेऊन जा," मी म्हणाले. त्यावर तो उधारी बुडवणाऱ्यासारखा हसला. डबा त्याच्याकडेच राहू द्यावा. मी तो मृत्युपत्राने दिला, म्हणजे तो माझा होता हेही लेखी राहील. हा हेतू फारसा उदात्त नाही, पण खोडत नाही.

कलम ४. मधपेटी. माझ्या मृत्यूनंतर, माश्या जिवंत असल्यास, ती मुलीला द्यावी. मेल्या असल्यास रिकामी पेटी भावाला, अजून पेन्सिली ठेवायला.

मुलगी कॉलेजात आहे. लहानपणापासून ती माझ्याशेजारी जाळीची टोपी घालून उभी राहत आली आहे. पोळ्याच्या चौकटी हातात देते, घेते. पेटीत हात मात्र मी तिला कधी घालू दिलेला नाही. ती विचारायची, "काय दिसतंय?" आणि मी म्हणायचे, "थांब, मला बघू दे."

माश्या जिवंत आहेत का, हेच कळत नाही. आमच्या या डोंगराळ गावातल्या कडक थंडीत त्या राणीमाशीभोवती गोळा होऊन बसतात, बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून सकाळी नवऱ्याला वर पाठवले.

"काही ऐकू आलं?"

"नाही."

"पेटीला कान लावलास?"

"कान? माझा? वेडी आहेस का गं? मी दारातून ऐकलं."

इथपर्यंत लिहून झाले आणि दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांच्या चादरींना इतकी इस्त्री असते की आमच्या घरात त्यांना कडक काकू म्हणतात. हातात ओली पांढरी चादर, तिच्यावर पिवळे ठिपके.

"हे बघ! महिनाभरानं ऊन पडलं म्हणून हौसेनं वाळत घातली. तुझ्या माश्यांनी काय केलंय हे?"

मी चादर खिडकीशी नेली. दोन्ही बाजू पाहिल्या. थंडीभर माश्या पेटीत घाण करत नाहीत, पोटात धरून ठेवतात आणि पहिल्या उबदार दिवशी बाहेर उडून मोकळ्या होतात. ठिपके ताजे होते.

"काकू, जिवंत आहेत हो! आणखी कुठे पडलेत का?"

"उशीच्या अभ्र्यावर. रडतेस काय? धुऊन निघतील एकदाचे."

मुलगी तोवर टेबलाजवळ येऊन हा कागद वाचत होती. चौथ्या कलमावर बोट ठेवून तिने विचारले, "आई, मला पेटी उघडायची असेल तर तू मरायची वाट बघू का?"

काकू म्हणाल्या, "बरोबर विचारतेय पोरगी."

मी उत्तर शोधले. ती चुकेल, राणी चिरडेल, वगैरे. मीही एकदा चिरडली होती आणि वडिलांनी पेटी काढून घेतली नव्हती. खरे उत्तर एवढेच सापडले की झाकण उचलल्यावर आत काय असेल, हे सर्वांत आधी मला बघायचे असते. हे मृत्युपत्र मी वर जाण्याची परवानगी म्हणून लिहायला बसले होते की काय, हेही आता खात्रीने सांगता येत नाही.

म्हणून कलम ४ रद्द. पेटी, जाळीची टोपी आणि हातमोजे मी आज मुलीच्या हातात दिले आहेत. जे आपले उरलेले नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही.

कलम ५. कडक काकूंना एक नवी पांढरी चादर. हेही रद्द, कारण काकूच साक्षीदार व्हायला तयार झाल्या आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. चादर आजच दिली. त्यांनी शिवण तपासून घेतली.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. वाचताना दोनदा थांबून जिन्यात जावे लागले. मुलगी वर आहे, झाकण उघडल्याचा आवाज आला आहे. मी खालच्याच पायरीवरून ओरडले, "काय दिसतंय?"

वरून उत्तर आले, "थांब, मला बघू दे."

थांबले आहे.

सही: लिहून देणार

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरच्या काकू (सही करते, अभ्रा मी विसरलेले नाही)
साक्षीदार २: त्यांचे यजमान, निवृत्त घड्याळदुरुस्तीकार

ठिकाण: राहते घर, जिन्यालगतची खोली
दिनांक: फेब्रुवारीचा शेवटचा रविवार, ऊन असताना