घमेल्यातली वाळू

अक्सा बेटा,

खूप दुआ. तुझ्या बादलची लघवी परत तुंबली होती. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली. बोक्यांना हा त्रास पुन्हापुन्हा होतो, म्हणाले. सुकी मासळी बंद, पाणी भरपूर, आणि लघवी दिवसभर झाली नाही तर जिवावर बेतेल. माझ्यावर ओरडून सांगितलं, म्हणून तरी मला ऐकू आलं.

सुकट मीच खिलवत होतो गं. तू कुवेतला सासरी गेलीस आणि तो माझ्या ताटाशी बसायला लागला. आता घरात सुकट आणतच नाही. तो बघत असताना घास उतरत नाही.

अडलं की बोका ओरडतो म्हणे. पण माझा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, मला काय ऐकू येणार? म्हणून त्याचं वाळूचं घमेलं पलंगाशेजारी ठेवलंय. वाळू ओली आहे का, हात घालून बघतो.

फोनवर तू काय बोलतेस तेही हल्ली कळत नाही. अंदाजाने "सगळं ठीक आहे" म्हणतो. हे वाचलंस तर नवऱ्याशी भांडून निघून येशील, म्हणून पत्र टाकणार नाही.

काल बादल समोर बसून सारखं तोंड उघडत होता. सवयीने त्यालाही म्हणालो, "सगळं ठीक आहे." मग घाबरून वाळूत हात घातला. ओली होती.

तुझं मात्र असं हात घालून बघता येत नाही.

तुझा अब्बा,
गुलाम हुसेन