पलंगाजवळची ओली फळी

१ जुलै, मंगळ.
पुन्हा एकदा निश्चय. या वेळी मोठ्या गप्पा नाहीत. एका रविवारी सगळं घर घासायचं आणि पुढे महिनाभर त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, हे माझं आजवरचं तंत्र. आता रोज थोडंच. दूध तापेपर्यंत ओटा पुसायचा, शाळेतून आल्यावर जमिनीवर कोरडा मॉप, चपला दाराबाहेर. एवढंही जमलं नाही तर बाई, वर्गातल्या पोरांना टापटिपीवर निबंध देऊ नकोस.
जमीन महत्त्वाची. खंडाळ्यातला एक जुना बंगला पाडला तेव्हा महेशने त्यातल्या सागवानी फळ्या मागून आणल्या आणि दोन उन्हाळे खपून स्वतः बसवल्या. हॉलला आणि सासूबाईंच्या खोलीला. लग्नाच्या फोटोकडे इतक्या प्रेमाने बघत नाही तो.

३ जुलै, गुरु.
सा.बा. सकाळीच ओलं फडकं घेऊन खोलीत. घरभर फिनेलचा वास. म्हटलं, आई, लाकडाला पाणी चालत नाही, फुगतं.
"पान्याबिगर पुसनं म्हंजी तोंड न धुता पावडर लावनं."
हसू आलं आणि रागही. गावी वडिवळ्याच्या घरात जन्मभर भुई सारवली, गुडघा गेला म्हणून होळीनंतर इथे आल्या. त्यांचंही कळतं मला. पण रोज? आणि मला न विचारता?

८ जुलै, मंगळ.
ओटा रोज होतोय. मॉपचा दोनदा खाडा झाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे तेवढेही भरणार नाहीत बहुतेक.
खुर्च्यांच्या पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे चिकटवले. आता ओरखडे नाहीत, करकर नाही. उगाच चारदा खुर्ची सरकवून बघितली.
धुकं घरात शिरतंय. काहीच वाळत नाही. दारांवर, पंख्याखाली, जिकडे तिकडे लुगडी. सा.बा. आपलं लुगडं पहाटेच स्वतः धुतात, मशिनला देत नाहीत. का, तर "मशिनीत सगळ्यांचं एक व्हतं." बरं बाई.

११ जुलै, शुक्र.
त्यांच्या पलंगाजवळची फळी काळी पडलीय. हात लावला तर ओल.
"तांब्या लवंडला," म्हणाल्या.
परवाही तांब्याच लवंडला होता. त्याआधीही. तांब्या आहे की भोवरा.

१३ जुलै, रवि.
महेश रिसॉर्टवरून थकून आला. शनिवार-रविवारी पर्यटकांनी रस्ता जाम, त्यात पाहुण्यांच्या तक्रारी. आला आणि नेमकी ती फळी दिसली. "आई, एवढं जपता येईना तुला? लहान आहेस का?" आवाज चढलाच. त्या मान खाली घालून लुगड्याचा काठ चोळत बसल्या.
मी मध्ये पडले नाही. उलट तांब्या उचलून स्वयंपाकघरात ठेवला. तहान लागली तर हाक मारा, म्हटलं.

१९ जुलै, शनि.
जमीन कोरडी! तांब्या हलवला आणि रोग गेला. ओटा, मॉप, चपला, तिन्ही सुरळीत. अंगवळणी पडतंय चक्क. महेश अनवाणी हॉलमध्ये फेऱ्या मारत होता. माझीच पाठ मी थोपटते.
सा.बा. जरा गप्प आहेत. दुपारनंतर चहा नको, रात्री आमटी नको, कोरडा भात चिवडतात. रुसल्या असतील. रुसू देत चार दिवस.

२४ जुलै, गुरु.
सा.बा.ना थंडी वाजून ताप. रजा टाकून दवाखान्यात नेलं. ओठ सुकून भेगाळलेले, मला रोज समोर बसून दिसले कसे नाहीत? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लघवीला संसर्ग झालाय. पाणी किती पिता, आजी? "पिती की." लघवीवर ताबा राहतो ना? भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, "व्हय."
गोळ्या दिल्या. पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. मनात टोचतंय. तांब्या मी उचलला. मला हाक मारायला त्यांना जड गेलं असणार. आता दिवसभर मीच पेला घेऊन मागे लागणार.

२६ जुलै, शनि.
लिहावं की नाही. लिहिते.
पहाटे दूध आणायला उठले. त्यांच्या खोलीत दिवा. दार ढकललं तर दुखऱ्या गुडघ्यावर बसून त्या जमीन पुसत होत्या. हातात लुगड्याचा पिळा. नेसलेलं लुगडं मागून ओलं. मला बघून म्हणाल्या, "तांब्या लवंडला."
तांब्या माझ्या ओट्यावर होता.
मग मीच खाली बसले, पिळा हातातून घेतला आणि पुसलं. सगळं एकदम कळलं. फिनेल, पहाटेची धुणी, कोरडा भात. फळी जपायची म्हणून बाई पाणी पीत नव्हती, आणि मी माझी पाठ थोपटत होते. इतकी लाज मला आजवर कशाची वाटली नाही.

२७ जुलै, रवि.
दुपारी महेश कामावर गेल्यावर आईंजवळ बसले. बाथरूम हॉलच्या पलीकडे. गुडघा सरळ होईपर्यंतच होऊन जातं म्हणाल्या. "भिंतीपल्याड देवघर. तू दिवा लावायच्या आदी पुसून घेती मी, नुसत्या फडक्यानं मन न्हाई भरत."
म्हटलं, यावर औषध असतं, डॉक्टरीणबाईंना खरं सांगू. महेशला सांगू, खोलीतच सोय करून देईल.
"म्हेशाला न्हाई. त्याचं मी सगळं केलंय गं. त्यानं माझं हे..." माझा हात घट्ट धरून शपथ घातली. मी घेतली. दुसरं काय करणार होते?

३० जुलै, बुध.
मेणकापड आणून चादरीखाली घातलं. संध्याकाळी घडी करून माझ्या कपाटात ठेवलेलं सापडलं. विषय काढला की कूस बदलतात.
नवी सवय: उठल्याबरोबर आधी आईंची खोली. त्या खिडकीकडे तोंड करून बसतात, मी पुसून कोरडं करते, दार लोटते. मग दूध, मग ओटा. घराच्या कामाची घडी बसवायला निघाले होते, ती अशी बसली.

२ ऑगस्ट, शनि.
फळीचं टोक वर आलंय. महेशने सुताराला बोलावलं. तो म्हणाला, खालून ओल नाही, वरूनच पाणी मुरलंय. महेशने आईंकडे बघितलं. आई जमिनीकडे.
मी म्हटलं, मीच ओला मॉप मारत होते.
"तू? सगळ्यांना कोरडं पुसायला शिकवणारी तू?" तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी. नको बोलू. उलट्या काळजाचा नाहीये तो, माहीत आहे मला. पण आईंना वाटतं, त्याला कळलं की आपण त्याच्या नजरेतून उतरू. आणि शपथ माझ्या गळ्यात.
गणपतीला माणसं येणार, त्याआधी फळ्या बदलायच्या ठरल्यात. काम चालेल तेवढे दिवस आईंचा पलंग हॉलमध्ये हलवायचा.

४ ऑगस्ट, सोम.
हॉलचं ऐकल्यापासून आई जेवल्या नाहीत. आज पिशवी भरून दाराशी ठेवली. वडिवळ्याला जायचंय. घर बंद आहे, एकट्या राहणार, गुडघा असा. पडल्या तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागणार नाही.
म्हटलं, तिथे काय आहे?
"तितं भुई पिऊन घेती. कोनाला कळत न्हाई."
स्वयंपाकघरात जाऊन रडले. महेश म्हणतो, जाऊ दे तिला थोडे दिवस, भाताची आवणी झालेली रानं बघून बरं वाटेल, तोवर फळ्याही होतील. त्याला काय माहीत. शनिवारी कामावर जाताना सोडणार आहे.

८ ऑगस्ट, शुक्र.
आई परत पाणी टाळतायत. पेला तसाच.
जेवणं झाल्यावर तांब्या काठोकाठ भरला आणि त्यांच्या पलंगाजवळ त्याच काळ्या फळीवर ठेवला. खाली ताटली नाही, काही नाही.
"आई, लवंडला तर लवंडू दे."
बघत राहिल्या. तांब्याकडे, मग माझ्याकडे. मी दिवा मालवून आले.

९ ऑगस्ट, शनि.
राखीची सुट्टी, शाळा नाही. पहाटे गेले. तांब्या निम्मा रिकामा. फळी ओली. आई पलंगावर बसलेल्या, या वेळी तोंड माझ्याकडे होतं. मी खाली बसून पुसत होते आणि महेश दारात येऊन उभा राहिला. गाडीची किल्ली हातात.
"परत पाणी?" मला म्हणाला.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, "तिला न्हाई इचारायचं. म्हेशा, हितं बस जरा."
तो बसला. मी फडकं घेऊन बाहेर आले, दार लोटलं. दूध आणलं, तापवलं, ओटा पुसला. दोघं अजून आतच आहेत. आवाज येत नाही. पिशवी दाराशीच आहे.