समुद्राकाठच्या दोन खोल्या

प्रिय जिजी,

येत्या रविवारी तुला जाऊन वर्ष होईल. या वर्षभरात तुझ्याशी मनातल्या मनात खूप बोलले, पण कागद घेऊन बसायचा धीर झाला नव्हता. आज शाळेतून आले ती पर्स खुंटीला अडकवून सरळ इथे बसले. काल मॉरिशसहून मनोरमाबाईंचा फोन आला होता. तुझ्या सामानाचं काय करायचं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण बोलता बोलता त्या असं काही सांगून गेल्या, की आता तुला लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही.

मराठीतच लिहिते आहे. हिंदीत भराभर झालं असतं, दिवसभर फळ्यावर तेच तर लिहिते! पण तुझं म्हणणं असायचं, घरच्या माणसाला घरच्या भाषेत लिहावं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर या वेळी सोडून दे.

तुझ्या डोक्यात हे मॉरिशस शिरलं ते डहीला, तुझ्या नोकरीच्या गावी, नाही का? केतकी तेव्हा दोन वर्षांची होती. तिला घेऊन मी मे महिन्यात तुझ्याकडे आले होते. सरकारी दवाखान्यामागची ती तुझी पत्र्याची क्वार्टर सकाळी नऊलाच तव्यासारखी तापायची. तू एक बाळंतपण उरकून आलीस, ओला टॉवेल डोक्यावर टाकलास आणि एक जुना दिवाळी अंक माझ्यापुढे धरलास.

"हे बघ नंदू. समुद्राच्या मधोमध बेट, आणि तिथं आपली मराठी माणसं! पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यांत मजुरीला नेलेली. अजून गणपती बसवतात. मी रिटायर झाले की इथं जाऊन राहणार."

मी हसले होते. तुला उन्हाचा त्रास होतोय असं वाटलं मला! तू मात्र तो लेख लिहिणाऱ्या बाईंनाच पत्र टाकलंस. त्याच या मनोरमाबाई, तिथल्या शाळेत मराठी शिकवायच्या. महिन्याभरानं उत्तर आलं, "आदरणीय भगिनी, आपले पत्र प्राप्त होऊन अतीव आनंद जाहला." आपण दोघी बहिणी किती हसलो होतो! शाळेच्या पुस्तकातून उचलल्यासारखं ते मराठी. पण त्या एका पत्रातून तुमची मैत्री जमली ती शेवटपर्यंत. आधी पत्रं, मग फोन, मग रोज सकाळी मोबाइलवर फुलांची चित्रं.

तू लग्न केलं नाहीस. डही, मग कुक्षी, नर्सची सगळी नोकरी त्या पट्ट्यात काढलीस. किती जणींची बाळं तुझ्या हातात पहिल्यांदा रडली, देव जाणे. तुझी सुट्टी म्हणजे आमच्या घरातलं दुखणं. कोणाचं ऑपरेशन असो, कोणाचं बाळंतपण असो, कुक्षीहून बसनं धूळ खात तू देवासला हजर. आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो, की रिटायर झाल्यावर जिजी देवासलाच येणार. आईचं करणार. दुसरं काय करणार ती?

तुझी तयारी आठवली की अजून हसू येतं गं. क्रिओल शिकायला लागलीस मोबाइलवरून! भाजीवाल्याला म्हणालीस, "की मान्येर, भिया?"

तो बिचारा गोंधळला. "क्या चाहिए जिजी? मेथी?"

"अरे भिया, कैसे हो, पूछ रही हूँ!"

"तो ऐसा बोलो ना! अच्छा हूँ. मेथी ले जाओ."

आणि पोहणं! अठ्ठावन्नाव्या वर्षी, लांब सुट्टी घेऊन देवासला आलीस तेव्हा, सलवार-कमीज घालून, तरणतालावरच्या दहा-बारा वर्षांच्या पोरींच्या बॅचमध्ये. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत घरी आलीस आणि म्हणालीस, "बेटावर राहायचं नि पाण्याला भ्यायचं, हे काही बरं दिसणार नाही." महिन्याभरात तू तलाव आडवा पार केलास. मी काठावर टॉवेल घेऊन उभी होते. शिट्टी वाजवावीशी वाटली होती, पण सगळे बघतील म्हणून नाही वाजवली. वाजवायला हवी होती.

काकांनी त्या दिवाळीला सगळ्यांसमोर तुला झापलं होतं. "एकटी बाईमाणूस, परक्या मुलखात कोण आहे तुझं?" तू शांतपणे करंजी मोडलीस. म्हणालीस, "काका, आपले पणजोबा साताऱ्याहून देवासला आले, तेव्हा इथं कोण होतं त्यांचं? ते इतके आले, मी आणखी थोडी पुढे जाते." आई पदराआड हसली होती. आठवतं?

मग तू रिटायर झालीस. दोन ट्रंका घेऊन आमच्याकडे आलीस, दोन महिन्यांसाठी. पासपोर्ट झालेला, तिथल्या कागदपत्रांसाठी अर्ज गेलेला. आणि त्याच श्रावणात आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. इंदूरला ऑपरेशन झालं, आणि तू न विचारता, न सांगता ट्रंका पुन्हा माळ्यावर टाकायला लावल्यास. "आई चालायला लागली की बघू," म्हणालीस.

आई सहा महिन्यांनी वॉकर धरून चालायला लागली, जिजी. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. ती चालत होती. दिवसा एक बाई ठेवली असती तर भागलं असतं.

आता लिहिते ते. जानेवारी होता. तू आईला गच्चीवर उन्हात बसवायला घेऊन गेली होतीस. तुझा फोन स्वयंपाकघरात ओट्यावर वाजला. मनोरमाबाई होत्या. आवाजात नुसता आनंद. त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणाल्या. दुसरं एक कुटुंब मागतं आहे, पण भगिनींसाठी थांबवून ठेवल्या आहेत, शनिवारपर्यंत कळवा.

मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "जिजीनं विचार बदललाय. आई तिच्याशिवाय राहत नाही. आता ती नाही येणार." आणि फोन आल्याची खूणही पुसून टाकली.

का केलं मी असं? तेव्हा माझी सकाळची शाळा, ह्यांची कारखान्यात शिफ्ट, केतकीची बारावी. तू आल्यापासून मी कित्येक महिन्यांनी सलग झोपले होते. तू गेलीस की सगळं पुन्हा माझ्या अंगावर येणार, या नुसत्या कल्पनेनं मी घाबरले. हे कारण आहे, सबब नाही. तू गच्चीवरून खाली आलीस, "कोणाचा फोन होता गं?" म्हणून विचारलंस, आणि मी डोळे न वर करता म्हणाले, "राँग नंबर."

तीन आठवड्यांनी तूच मनोरमाबाईंना फोन केलास. आतल्या खोलीत बोलत होतीस. मी बाहेर मटार सोलत होते, माझं सगळं लक्ष त्या दाराकडे. तू आलीस, माझ्या शेजारी बसलीस आणि एक शेंग उचललीस.

"खोल्या गेल्या म्हणे."

"असू दे. दुसऱ्या मिळतील," मी म्हणाले.

"मिळतील," तू म्हणालीस. आणि सगळे मटार सोलून होईपर्यंत उठली नाहीस.

मला वाटलं, सुटले! चार वर्षं मला वाटत राहिलं, की सुटले. त्या चार वर्षांत तू आईला न्हाऊ घातलंस, भरवलंस, टेकरीवरच्या देवीचा अंगारा तिच्या कपाळी लावलास. रोज गच्चीवर तिला समुद्र कसा असतो ते सांगायचीस, तू स्वतः न बघितलेला! आई अखेरच्या दिवसांत म्हणाली होती, "वसू, आता तू जा हो. खूप झालं." जे मी म्हणायला हवं होतं, ते तिनं म्हटलं.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि तू निघालीस. नातेवाइकांनी काय काय नावं ठेवली! आई गेली नि हिनं पाय काढला, घराशी काही देणंघेणंच नाही. माझ्यासमोर बोलायचे. आणि मी चहाचे कप गोळा करत राहायचे. इंदूरच्या विमानतळावर तुला सगळं सांगून टाकायचं ठरवून आले होते. आणि तोंडातून निघालं काय? "बीपीच्या गोळ्या वर ठेवल्यास ना?" तू माझ्या गालावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "तुझ्याही घेत जा."

तेरा महिने, जिजी. फक्त तेरा महिने मिळाले तुला तिथं. पण काय राहिलीस! मनोरमाबाईंच्या शेजारच्या एका खोलीत. फोनवर तुझ्या मागे सुरूची झाडं हलायची. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचं बीपी तपासायचीस, डाळपुरी खाताना मला दाखवून चिडवायचीस. एकदा गुडघाभर पाण्यात उभी राहून ओरडलीस, "नंदू, हे खारट आहे गं खरंच!" साठी उलटलेली बाई, आणि असं ओरडली, जणू हे जगाला पहिल्यांदा तिलाच कळलं. आणि एके दुपारी जेवून पडलीस ती उठलीच नाहीस. तिथंच तुला निरोप दिला. मनोरमाबाईंच्या मुलानं अग्नी दिला, आणि आम्ही देवासला बैठकीत फोनभोवती उभे राहून बघितलं.

काल त्या सामानाचं विचारत होत्या, तेव्हा माझा बांध फुटला. म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले होते. जिजीला मी निरोप दिलाच नाही."

त्या त्यांच्या त्याच पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "भगिनी, त्यांना ते ठाऊक होते. त्यांचा फोन आला, त्याच दिवशी मी त्यांना सांगितले होते, आपल्या बहिणीनेच नकार कळविला म्हणून."

म्हणजे मटार सोलत होतीस तेव्हा तुला माहीत होतं! ते "मिळतील" तू सगळं माहीत असून म्हणालीस! मनोरमाबाईंनी तेव्हा तुला विचारलं होतं, बहिणीला जाब का विचारत नाही. तू त्यांना काय सांगितलंस, तेही कळलं मला. "ती थकली आहे. मी विचारलं तर तिला आणखी एकदा खोटं बोलावं लागेल."

जिजी, काल फोन ठेवल्यावर मी त्याच ओट्यापाशी उभी होते, जिथं तुझा फोन वाजला होता.

पण तुझ्यावर रागही आहे माझा, ऐक. का नाही ओरडलीस? दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास! मी रडले असते, भांडले असते, आणि शेवटी तुझ्या ट्रंका मीच माळ्यावरून काढल्या असत्या. कदाचित. तू मला ती संधीच दिली नाहीस. मी तुला न विचारता तुझं ठरवलं, आणि तू मला न विचारता मला माफ केलंस. आपण दोघी एकाच आईच्या, खरंच! आता ही माफी मी कुठे ठेवू, सांग ना?

आज सकाळी चहाच्या वेळी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "अब बोलके क्या होगा, नंदा? ती तर गेली. लोक आता विसरलेसुद्धा."

लोक विसरले नाहीत. परवाच काकू वर्षश्राद्धाच्या स्वयंपाकाचं विचारायला आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "वसूनं शेवटी आपलंच पाहिलं हो." नेहमीसारखी मी तेव्हाही गप्प बसले. ते माझं शेवटचं गप्प बसणं.

रविवारी सगळे येणार आहेत. काका, काकू, पुण्याहून केतकी. ब्राह्मण जेवून उठले, की पानं वाढायच्या आधी मी बैठकीत उभी राहणार आहे. तो फोन, ते खोटं, ती चार वर्षं, सगळं माझ्या नावानिशी सांगणार आहे. वसू घर सोडून पळाली नाही, तिला जाऊ दिलं नव्हतं, आणि ते मी केलं, असं. केतकी माझ्याकडे कशी बघेल, माहीत नाही. काका न जेवता उठतीलही. उठू देत. मी वाक्य अर्धं सोडणार नाही, जिजी. हे वचन.

तुझी,
नंदू