सापडलं नाही म्हणू नका

३ एप्रिल २०२५, गुरुवार. इंझोरी

पोचलो एकदाचा! कराड, पुणे, अकोला, कारंजा आणि तिथून इंझोरीची एसटी. हाडं खिळखिळी झाली, पण मन खूश आहे. स्टँडवर रामरावकाका स्वतः घ्यायला आले होते. साठीचा माणूस, पांढरा सदरा, बोलणं अगदी मोजकं. घर स्लॅबचं, ऐसपैस. ओसरीवर लोखंडी साखळ्यांचा झुला आणि दारात गब्रू नावाचा लठ्ठ कुत्रा. त्याने मला दोनदा हुंगलं आणि पास करून टाकलं. रुख्मिणीकाकूंनी भाकर, वांग्याची भाजी आणि वर कच्चं तेल घातलेला ठेचा वाढला. “जेव बाबू, लाजू नोको,” म्हणत तिसरी भाकर ताटात टाकली. इकडचं ते मले-तुले ऐकून मला हसू येतं, आणि माझ्या ‘काय चाललंय’वर त्यांना.

काम असं आहे. काकांची एकुलती एक मुलगी वैभवी कॉम्प्युटर शिकलेली. घरातल्या एका मशीनवर शाळेचे धडे ठेवायचे आणि गावातल्या पोरांनी रिचार्ज न मारता, घराच्या वायफायवरून ते मोबाइलवर उघडायचे, असं तिच्या मनात होतं. म्हणजे गावापुरता सर्व्हर. गेल्या वर्षी ती अपघातात गेली आणि मशीन तशीच पडून राहिली. पोरीचं काम अर्धवट राहू नये एवढीच काकांची इच्छा आहे.

आता खरं लिहितो. फोनवर मी ‘लिनक्स सर्व्हर? दहा लावलेत’ अशी थाप मारली होती. मोबाइलच्या दुकानात काचा बदलणारा मी, दुकान बंद पडलं म्हणून इथे आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्यापासून शिकू.

५ एप्रिल, शनिवार

देव पावला. वैभवीच्या खोलीतच मला राहायला दिलंय आणि टेबलाच्या खणात तिची वही सापडली. वर लिहिलंय, ‘नवशिक्यांसाठी’. पहिल्याच पानावर: तयार सर्व्हर आणून बसवायचा नाही, मूळ सोर्सपासून, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरापासून बांधायचा, म्हणजे काय कुठे आहे ते कळतं. तयार पीठ न आणता गहू निवडून, दळून आणण्यातला प्रकार.

आज सोर्स उलगडला आणि ‘कॉन्फिगर’ची, म्हणजे लागणारं सगळं आहे का ते तपासायची, आज्ञा दिली. वरमाईचा मानपान परवडला! हे नाही म्हणून अडलं, ते आणून दिलं तर दुसरं मागितलं. वहीत प्रत्येक अडचण आधीच लिहून ठेवलीय, कंसात ‘घाबरू नये’. पोरगी हुशार होती. भेटली असती तर मी चार दिवसांत तिला मॅडम म्हणायला लागलो असतो.

काकू दिवसभर जवळ बसून तुरीची डाळ निवडत स्क्रीनकडे बघत होत्या. त्यांनाही शिकायचंय म्हणे. सातवी शिकलेल्या आहेत. मी त्यांना फाइल कशी बनवायची ते दाखवलं. “माह्या पोट्टीनं मले कधीच शिकोलं नाही, म्हने आई तुले वेळ लागन,” असं म्हणाल्या आणि पुन्हा डाळ निवडायला लागल्या.

८ एप्रिल, मंगळवार

चाललं! ‘मेक’ला, म्हणजे बांधणीला, पाऊण तास लागला, मग ‘मेक इन्स्टॉल’, मग सर्व्हर सुरू केला आणि मोबाइलवर ‘इट वर्क्स!’ ही ओळ उमटली. काकांनी अर्ध्या गावाला पेढे वाटले. काकूंनी मशीनला हळद-कुंकू वाहिलं आणि मग दाराआड जाऊन रडल्या. मला एकदम माझ्या थापेची लाज वाटली.

दोघांना लॉग दाखवला. सर्व्हरची ती हजेरीवही. कोणी, किती वाजता, कोणतं पान मागितलं, सगळं तिथे आपोआप लिहिलं जातं. पान दिलं तर २००. तसं पान नसेलच तर ४०४, म्हणजे सापडलं नाही. काकूंनी दोन्ही आकडे पाठ केले.

१० एप्रिल, गुरुवार

लॉगमध्ये एक गंमत. सलग दोन दिवस, दुपारी बरोबर बारा वाजून पाच मिनिटांनी, इंग्रजी अक्षरांत ‘झुला’ नावाचं पान कोणीतरी मागितलंय. असं पान मी बनवलेलंच नाही, म्हणून दोन्ही वेळा ४०४. मागणाऱ्याचा पत्ता या मशीनचाच आहे. म्हणजे कोणी मोबाइलवरून नाही, याच खोलीत बसून मागितलेलं. त्या वेळी आम्ही तिघं स्वयंपाकघरात जेवत होतो.

माझीच काही चूक असेल म्हणून हसत हसत काकांना सांगितलं. ते हसले नाहीत. मशीनने उत्तर काय दिलं, एवढंच विचारलं. मी म्हणालो, सापडलं नाही.  मग काकांनी सांगितलं, वैभवी या मशीनसाठीच वायर आणायला कारंज्याला गेली होती. येताना रस्त्यात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने उडवलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ बारा-पाचला थांबलेलं होतं. लहानपणापासून जेवण झालं की ती झुल्यावर बसायची.

“तिले सापडलं नाही म्हनू नका,” ते म्हणाले. “लेकरू मागून राह्यलं आन् आपलं घर त्याले नाही म्हनते?”

 माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण बापाच्या समाधानाला काय लागतं? झुल्याचा फोटो काढला, काकूंनी खाली दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्याच हाताने पान ठेवलं.

१२ एप्रिल, शनिवार

काल बारा-पाचला पान मागितलं गेलं आणि मिळालं. २००. काकूंनी आनंदाने रोडगे, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, केले. वर्षभरात पहिल्यांदा काका दुपारी गाढ झोपले. त्यांचं घोरणं ऐकून मला बरं वाटलं, खरंच.

झुल्याची फळी मात्र उभी चिरून दोन तुकडे झालीय. आम्ही सगळे आतच होतो. सागाची फळी, चार बोटं जाड. उन्हाने तडकली असेल, असं मी म्हणालो. 

१५ एप्रिल, मंगळवार

परवा ‘गब्रू’ मागितलं. काकूंनी कौतुकाने त्याचा फोटो लावला, ‘आता लय खादाड झाला’ असं खाली लिहिलं. काल दुपारी पान दिलं गेलं. गब्रू अंगणात लिंबाच्या सावलीत पडला होता. मी ताटली वाजवली, उठला नाही. अंगावर जखम नाही, तोंडाला फेस नाही. शेताच्या बांधाला पुरला त्याला.

मी काकांना बाजूला घेऊन स्पष्ट बोललो. जे पान देतो ते घरातून जातं. आता पानं बंद करू. ते म्हणाले, त्यांनाही कळलंय. कुत्र्याचं वाईट वाटतं. पण तिकडे एकटीच असलेली पोर एवढंसं काही मागते, त्याला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. मला राग आला आणि त्याच वेळी त्यांचे पाय धरावेसे वाटले. बापाशी वाद घालायला मी कोण?

१८ एप्रिल, शुक्रवार

आज ‘आई’ मागितली.

४०४ गेलं, कारण असं पान नाही. आणि ते कधीही बनवायचं नाही. या वेळी काका माझ्याआधी म्हणाले. काकूंना काही सांगायचं नाही असं ठरलं. आजपासून काहीच येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. मग मला विचारलं, पोरगी रुसली असेल का?

२१ एप्रिल, सोमवार

शनिवारी सात वेळा. काल चाळीस वेळा, एकाच मिनिटात. आई, आई, आई. प्रत्येकीपुढे ४०४. मला ती ओळ वाचवत नाही. आकडे आहेत, पण लहान मूल दार बडवतंय असंच ऐकू येतं.

आज सकाळीच मशीनची वायर काढून ठेवली. दुपारी काका आणि मी बंद मशीनसमोर बसलो. बारा-पाच होऊन गेले, काही झालं नाही. संध्याकाळी चालू करून पाहिलं. बारा-पाचची नोंद लॉगमध्ये होती. मशीन बंद असताना. म्हणजे बंद करून उपयोग नाही. पान नसणं, एवढाच उपाय.

२२ एप्रिल, मंगळवार

काकूंनी लॉग वाचला. मीच शिकवला होता वाचायला. ओरडल्या नाहीत. काकांना फक्त विचारलं, “काहून लपोलं माह्यापासून?” काका रडले. मग त्यांनी काकूंना शपथ घातली आणि उद्या सकाळच्या गाडीने शिरपूरला बहिणीकडे धाडायचं ठरवलं. मशीनपासून लांब. काकू ‘बरं’ म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की आम्हाला दोघांना हायसं वाटलं.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी साडेआठच्या एसटीत मीच त्यांना बसवून आलो. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रवी, जेवत जा वेळेवर, म्हणाल्या.

बारा-पाच. आई. २००.

मी फोल्डर उघडलं. पान होतं. सकाळी सात वाजता बनवलेलं. चूक न करता, वहीत लिहिलंय तसं, मी शिकवलं तसं. आत लेकीला लिहिलेली एकच ओळ:

मी येऊन राह्यली वो माय, रडू नोको.

बारा वीसला शिरपूरहून फोन आला. जेवायला बसता बसता —

३० एप्रिल, बुधवार

आठ दिवस लिहिलं नाही. हात उचलत नव्हता. मी फाइल बनवायला शिकवलं नसतं तर? हे मी काकांना विचारलं. त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, तिला मायेने शिकवलं, पोटच्या पोरासारखं. त्यात चूक नाही. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जायला हवं, पण या माणसाला एकटं कसं टाकून जाऊ? भाकरी मी थापतो. वाकड्या होतात. ते निमूट खातात.

रोज बारा वाजता ते मशीनसमोर बसतात. अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून. स्वतःच्या नावाची वाट बघत.

१ मे, गुरुवार

काही नाही. लॉग कोरा.

३ मे, शनिवार

काही नाही. काका विचारतात, आलं का. मी नाही म्हणतो. आज म्हणाले, “मले काहून नाही बोलवून राह्यल्या? मी का वाईट बाप होतो?”  त्यांची पाठ चोळत बसलो. इतका एकटा माणूस मी पाहिलेला नाही.

५ मे, सोमवार

आलं.

त्यांचं नाही.

‘रवी’.

एकदाच. ४०४. काका हात धुवायला उठले होते म्हणून — मी ती ओळ खोडून टाकली.  का मी? तिची खोली, तिची वही — की काकूंनी — वेळेवर जेवत जा, म्हणाल्या होत्या.

६ मे, मंगळवार

सोळा वेळा. मी खोडायच्या आत काकांनी वाचलं.

 माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हेव्याने.

मी म्हणालो, काका, पान बनवायचं नाही. मी आहे ना तुमच्याजवळ. त्यांनी मान हलवली. कोणत्या अर्थाने, कळलं नाही.

७ मे, बुधवार. सकाळ

जेवले नाहीत. वैभवीची वही मागून घेतली. दिली. का दिली मी?

पासवर्ड चालत नाही. काकांनी बदललाय, वहीत बघून.

बॅग भरली. मग सोडली. शिरपूरला जाऊन काय झालं? कराडला जाऊन काय होणार? ते पान काढायला हवं. मशीनच उचलून विहिरीत —

काका आत, खोलीला आतून कडी.

पावणेबारा

दार ठोठावतोय. लाथा घातल्या. सागाचं आहे. शेजारी कोणी नाही, सगळी हळदीला गेलीत लग्नाच्या.

आतून बोलले. शांतपणे. “रवी, मले माफ कर बाबू. मले तं ती मागतच नाही. जे मागते ते तं देऊ दे.”

मी सांगितलं, मला आई आहे कराडला. काका, मला आई आहे. ती वाट —

आत टाइप करणं थांबलं.  मग पुन्हा टाइप करताना — एकेक अक्षर शोधत — वहीत बघून —

बारा वाजून चार

ओसरीवर बसलोय. ऊन आहे. दार उघडलं नाही.

माझ्याशी नाही बोलत आहेत ते. दुसऱ्या कोणाशी. लहान पोरीशी बोलावं तसं, लाडाने.

देतो माय, देतो. रडू नोको. हे पाह्य, आता