चाळीस म्हणजे चाळीसच असतात, मामा

तीर्थरूप मामांना,

प्रचंड रागात असूनही साष्टांग नमस्कार. (मामीला मनापासून, तुम्हाला रीत म्हणून.) गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तुम्ही करत नाही हे मामीकडून कळलं. तुम्ही कुणाचं ऐकतच नाही, आणि आज मला नेमकं त्याच विषयावर लिहायचं आहे. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही मध्येच "अगं, सोपं आहे ते" म्हणता आणि माझा राग विरघळून जातो. कागदाला ती सोय नाही.

आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात यंत्राचा क्रम जरा बदलायचा म्हटलं की मला बोलावणं यायचं, मग मी तोंडात घास घेऊन धावायची. हे मी तुमच्याकडे रडले, तर तुम्ही म्हणालात, यंत्राला फोर्थ शिकव. प्रोग्रामिंगची चिमुकली भाषा, तुमच्या त्या यंत्राच्या एवढ्याशा मेंदूतही मावेल. भर, सोड, तापव असे चार शब्द तू दे, त्यांतून नवे शब्द यंत्र चालवणारा रंगारी आपले आपण बनवेल. असेंब्लीत लिही, म्हणजे थेट चिपच्या मातृभाषेत. रविवारी बसलीस तर सोमवारी उठशील! मामा, मी बसले ती बसलेच. आकडे ठेवायची एक चळत आणि काम झाल्यावर कुठे परतायचं ते लक्षात ठेवायची दुसरी, या दोन चळतींची माझ्याकडून सरमिसळ झाली. परतायच्या पत्त्याच्या जागी पाण्याचं तापमान जाऊन बसलं आणि प्रोग्राम तापमानाच्या पत्त्यावर निघून गेला. तिथे कुणीच राहत नव्हतं. नवरा विचारायचा, "आज काय बिघडलं?" मी म्हणायची, "तो परत आला नाही." शेजारीण माझ्याकडे हळहळून बघायला लागली.

पण झालं बरं का शेवटी. "चाळीस तापव" टाइप केलं की पाणी चाळीसवर. (आधी आकडा, मग हुकूम. मराठीतही क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे रंगाऱ्याला ते एका फटक्यात पटलं.)

आता मुद्द्यावर येते. मी तुम्हाला विचारलं होतं की नाही? कुणी काही टाइप केलं तर आधी तो आकडा आहे का ते बघू, की आधी शब्दकोशात, म्हणजे यंत्राला शिकवलेल्या शब्दांच्या यादीत, शोधू? तुम्ही म्हणालात, आधी शब्दकोश, फोर्थची रीतच ती. मी म्हटलं, आणि कुणी आकड्याचंच नाव नव्या शब्दाला दिलं तर? तुम्ही खो खो हसलात. "इतका गाढव कोण असेल?"

मामा, तो गाढव आमचा मालक आहे.

एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं. मालकांना स्वतः मिरवायचं होतं. पाणी भर, निळा रंग सोड, चाळीसवर तापव, कापड फिरव, पाणी काढ, असा सगळा क्रम त्यांनी एका शब्दात बांधला आणि त्याला नाव ठेवलं "चाळीस". यंत्राने मुकाट्याने मान्य केलं. पहिल्यांदा सुरेख आकाशी रंग आला. गिऱ्हाईक खूश. मग कापड धुवायला टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरली, आणि गिऱ्हाइकाने विचारलं, नुसतं पाणी तापवता येतं का हो? मालकांनी ऐटीत टाइप केलं, "चाळीस तापव."

चाळीस म्हणजे आता आकडा राहिला होता कुठे? भरलेल्या टाकीत यंत्र पुन्हा पाणी भरायला लागलं, वर निळा रंगही सोडला. (टाकी भरलीय का हे आधी विचारायला मी त्याला शिकवलं नव्हतं, पण आज तो विषय नाही.) निळं पाणी उसळून जमिनीवर आलं. मालक बटणाकडे धावले, घसरले आणि त्यातच बसले. गिऱ्हाइकाचे बूट घोट्यापर्यंत निळे. शेवटी रंगाऱ्याने मेन स्विच पाडला. गिऱ्हाईक निळी पावलं उमटवत निघून गेलं, आणि मालक बसल्या जागेवरून माझ्यावर ओरडले, सगळ्या कामगारांसमोर. तुमची रीत तिकडे आरामात खुर्चीत बसलेली, आणि इकडे फरशी पुसतेय मी!

तुमची (तूर्तास नाइलाजाने) भाची

ता.क. मालकांनी विचारलं होतं, "ही अक्कल कुणाची?" मी म्हटलं, माझी. तुमच्यावर ओरडायचा हक्क माझा आहे, येरागबाळ्याचा नाही.

ता.क. दोन : रागाच्या भरात नियम उलटा केला, आधी आकडा, मग शब्दकोश. दिवसभर बघितला, तर आकड्याचं नाव दिलेला शब्द यंत्र मुकाट्याने घ्यायचं आणि कधी चालवायचंच नाही, म्हणून पुन्हा तुमच्यासारखा करून ठेवला. आता फक्त आकड्याचं नाव द्यायला गेलं की यंत्र नकार देतं. तुमचंच बरोबर होतं. हे मामीला वाचून दाखवू नका.

ता.क. तीन : रंगारी म्हणतो, त्याला आता जुनी पद्धत नको. मालक गुरगुरले, आणि मग दुसऱ्या यंत्रालाही हेच बसव म्हणाले. त्या यंत्राची चिप वेगळी आहे, तिची मातृभाषा मला येत नाही, तुम्हाला येते. तेव्हा दोघं इकडे राहायला या, खोली आवरून ठेवलीय. नकार द्यायचा असेल तर पत्रानेच द्या, आणि ते पोस्टात टाकायला मामीकडे द्या. ती टाकणार नाही, आमचं ठरलंय.