काठावरचा परका

स्कारवे बेट, ऑर्कनी
४ मार्च २०१९

ती. सिबेलाताईस,
धाकट्या मॅन्सीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? माझ्या तिन्ही बोटी ठणठणीत. कुरकुरतो तो मालक. किनाऱ्यावरची जुनी थडगी समुद्र खातोय, म्हणून विद्यापीठाची माणसं हाडं उचलून नेतात, हे मागे लिहिलंच होतं. त्या हाडांच्या डीएनएशी ताडून बघायला आम्हा बेटकऱ्यांची थुंकीही नेली. पुरुषांचा वंश हजारो वर्षं इथलाच, बायका मात्र समुद्रापलीकडून येत राहिल्या, असं निघालं. आमची ताई उलटी पळाली, ॲबर्डीनला, असं मी त्या संशोधक बाईंना म्हटलं. त्या हसल्या नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्या थडग्यांच्या ओळीतला एक सांगाडा जुना नाहीच. बाबांनी १९६१ साली पुरलेला परका खलाशी आठवतो? बेवारस प्रेत जिथे लागेल तिथेच, भरतीच्या रेषेवर पुरायचं, ही आपली रीत. बाई हळूच म्हणाल्या, हा तुमचा सख्खा भाऊ आहे.

ताई, तो आपला डेव्ही, बोटीवरून बुडालेला. पाच आठवडे पाण्यात राहिलेला मुलगा बाबांना ओळखू आला नाही. आणि आई मरेपर्यंत दर हिवाळ्यात त्याच्यासाठी मोजे विणत राहिली, सापडेल तेव्हा पाय गार असतील म्हणून. आता त्याला आईशेजारी ठेवावं म्हणतो. तुझा होकार कळव.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.
मॅन्सी

ॲबर्डीन
११ मार्च

चि. मॅन्सीस अ. उ. आ.

बाबांनी त्याला ओळखलं होतं. स्वेटरच्या कोपरावरचं रफू माझ्या हातचं. ती बाही कापून बाबांनी चुलीत घातली, ते मी पाहिलं. म्हणाले, सिबे, समुद्राचं परत घेतलं की तो बदली मागतो. आपला मॅन्सी सोमवारपासून बोटीवर चाललाय. एक गेला, दुसरा द्यायचा नाही मला, असं म्हणाले. म्हणून डेव्हीला ना पाण्यात ना गावात, असं काठावर ठेवलं आणि माझ्याकडून बायबलवर शपथ घेतली. आईला मोज्यांची लोकर मीच आणून द्यायचे, मॅन्सी.

मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्याला हलवू नकोस. तुझी नात किर्स्टी रोज बोट नेते ना?

रागावलास तरी पत्र टाकत जा.
सिबेला

स्कारवे
२९ मार्च

ती. ताईस सा. न.

आठ दिवस बाबांच्या थडग्याशी भांडलो. माझ्या तिन्ही बोटी माझ्या घामाच्या, असं आयुष्यभर मिरवलं. डेव्ही काठावर पडून होता म्हणून मी समुद्रावर जाऊ शकलो, हे कोणी सांगितलंच नाही.

काल त्याला आईशेजारी ठेवलं. आईनं विणलेली शेवटची जोडी पेटीत घातली. तिन्ही बोटी बांधून ठेवल्या होत्या. किर्स्टीनं विचारलं, आबा, तुम्ही असलं मानता? मी नाही म्हटलं आणि दोर पुन्हा तपासले.

उद्या पहिली बोट मी एकटाच काढणार आहे, खेकड्यांचे पिंजरे उचलायला. किर्स्टी परवापासून. समुद्राला काही मागायचंच असेल तर म्हाताऱ्यापासून सुरुवात करू दे.

पुढचं पत्र आलं, तर बाबा चुकले होते असं समज. नाही आलं, तर किर्स्टीला बोटी विकायला सांग.

तुझा,
मॅन्सी